दुकान-कारखान्यासाठी वायफाय घेताना: आधी वायर, मग डबा

नाशिकच्या रविवार कारंजाजवळचे एक कापड दुकानदार माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन राउटर होते. तिन्ही चालू, तिन्ही बऱ्यापैकी नवे.

"भाऊ, आता तो सहा अँटेनावाला द्या. ह्यांची रेंज मागच्या खोलीत जातच नाही."

"काका, राउटर राहू द्या. आधी दुकान दाखवा."

दुकान म्हणजे जुना वाडा. पुढून काच, लाइट, नवी फरशी. पण गल्ल्यामागची भिंत दोन हात जाडीची, दगड-विटा आणि मातीची. राउटर गल्ल्याखाली, त्याला टेकून लोखंडी कपाट, कपाटामागे ती भिंत. तिथे साठ अँटेना लावल्या असत्या तरी पलीकडे काही पोचलं नसतं. काकांनी त्या दिवशी पंचवीस मीटर वायर विकत घेतली. काम पिशवीतल्याच दोन राउटरांवर झालं, तिसरा अजून माझ्या दुकानात पडून आहे.

वायफायच्या बजेटमधला मोठा वाटा वायरीवर आणि विजेवर घालवा, डब्यावर उरलेलं. मी गिऱ्हाइकाला हे सांगतो तेव्हा त्याला वाटतं, ह्याला राउटर विकायचाच नाही. विकायचा आहे, पण शेवटी.

सुरुवात: चौकोनी वही आणि दोन मोबाइल

वहीच्या कागदावर जागेचा नकाशा काढा. मोजमाप पावलांनी घेतलं तरी चालेल. प्रत्येक भिंत कशाची आहे ते लिहा. प्लायवूडचं पार्टिशन, चार इंची वीट, नऊ इंची वीट, आरसीसी स्लॅब, पत्रा, मोठा आरसा. शेवटचे दोन सगळ्यात वाईट, कारण धातूमधून लहरी जात नाहीत, आणि आरशाच्या मागेही धातूचाच मुलामा असतो. सलूनवाल्यांना हे कुणीच सांगत नाही.

मग खरी चाचणी. जिथे वायफायचा डबा बसवायचा विचार आहे, तिथे एक मोबाइल हॉटस्पॉट चालू करून उंचावर ठेवा. दुसऱ्या मोबाइलवर वायफाय मोजायचं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि कानाकोपऱ्यात फिरा. ॲप डीबीएममध्ये आकडा दाखवतं आणि तो उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ च्या पुढे गेलात की स्वाइप मशीन फिरत बसणार. हॉटस्पॉटची ताकद राउटरपेक्षा कमीच असते, त्यामुळे ह्या परीक्षेत जी जागा पास होते ती नंतर दगा देत नाही. चाचणी शटर आणि दारं बंद करून, माल भरलेला असताना घ्या. रिकाम्या गोदामात घेतलेले आकडे दिवाळीचा माल लागला की खोटे ठरतात.

कोण काय खातं, ते मोजा

"शंभरचा प्लॅन घेऊ की तीनशेचा?" हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने विचारलेला असतो. यूपीआय, स्वाइप मशीन, बिलिंग, जीएसटी पोर्टल ह्यांना वेग जवळजवळ लागतच नाही. लाइन न तुटणं लागतं. टॅली ऑफिसातल्याच दुसऱ्या काँप्युटरवर असेल तर तिचा इंटरनेटशी संबंधही नाही, तो सगळा घरातला कारभार. चांगल्या चित्राच्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात.

खादाड खरा कॅमेरा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसरात्र साधारण २ ते ४ एमबीपीएस ओढतो. असे आठ कॅमेरे वायफायवर टाकले की ते आठ जण सतत बोलत राहतात, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. मिसळीच्या काउंटरवर एक जण सुटे पैसे मोजत बसला की मागची सगळी रांग थांबते, तसं. लांबच्या, कमी रेंजच्या कॅमेऱ्याला तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ लागतो, म्हणजे तो रांग आणखी अडवतो. म्हणून माझा नियम: जे जागचं हलत नाही ते वायरीवर. कॅमेरे, बिलिंगचा काँप्युटर, प्रिंटर, टीव्ही. वायफाय हातात धरून फिरायच्या वस्तूंसाठी ठेवा.

लाइन दोन घ्या, पण एकाच खांबावरून नको

नाशिकमध्ये सध्या सिंहस्थाच्या तयारीने रस्ते खणले जातायत. जेसीबीच्या बकेटला फायबर आणि गवताची मुळी यातला फरक कळत नाही. अंबडच्या एका वर्कशॉपने हुशारीने दोन कंपन्यांचं फायबर घेतलं होतं. दोन्ही केबल एकाच विजेच्या खांबावरून, एकाच फांदीखालून आलेल्या. अवकाळीत फांदी पडली, दोन्ही एकदम गेल्या. दुसरी लाइन घ्यायची तर ती हवेतून यावी: सिमकार्डवरचा फोरजी-फाइव्हजी राउटर किंवा फाइव्हजीचं एअरफायबर. कुठल्या कंपनीचं सिम, हे जाहिरातीवरून ठरवू नका. तुमच्या गल्ल्यावर उभं राहून, गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सातला मोजा.

दोन लाइन आल्या की दोन वॅनचा राउटर लागतो, म्हणजे एक लाइन पडली की आपोआप दुसरीवर जाणारा. इथे एक बारीक खोच आहे. बरेच जण फक्त "पोर्ट जिवंत आहे का" एवढंच तपासायची सेटिंग ठेवतात. फायबर रस्त्यावर तुटलं तरी तुमच्या भिंतीवरचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन संपतं तो कंपनीचा डबा, चालूच असतो, त्याच्यावर लाल दिवा लुकलुकतो, पण राउटरकडे जाणारा पोर्ट जिवंतच. राउटर म्हणतो, लाइन ठीक आहे, आणि ढिम्म हलत नाही. सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता पिंग करून, म्हणजे इंटरनेटवर हाक मारून उत्तर येतं का ते बघून, तपासायचा पर्याय असतो. तो चालू करा, ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे दोन पत्ते द्या.

आणि एक. बाहेरगावाहून ऑफिसच्या काँप्युटरवर थेट घुसायचं असेल, तर साध्या प्लॅनवर ते बहुधा जमत नाही, कारण कंपनी एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटते. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, वेगळे पैसे भरून मागावा लागतो. मोबाइलवर कॅमेरे बघायला मात्र त्याची गरज नसते, कॅमेरा कंपनीच्या ॲपवरून काम होतं.

वायर

इथे घाई करू नका, कारण पीओपी झाल्यावर वायर बदलायची म्हणजे पुन्हा फोडाफोड.

कॅट-सिक्स घ्या आणि ती शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात सीसीए नावाची वायर मिळते, म्हणजे आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. बॉक्स तसाच, रंग तसाच, किंमत निम्म्याच्या आसपास. ओळखायची युक्ती सोपी: तुकडा सोलून आतली तार ब्लेडने खरवडा. पांढरट चकाकी दिसली की परत करा. तांब्याची तार चार-पाच वेळा वाकवली तरी टिकते, ती दुसरी लवकर कटकन तुटते. वजनातही फरक लागतो. ३०५ मीटरचा खरा तांब्याचा बॉक्स उचलताना कंबर सांगते. सीसीएवर नेट चालत नाही असं नाही, पण त्याच वायरीतून वीजही पाठवायची झाली की ती गरम होते आणि लांबच्या टोकाला विजेचा दाब कमी पडतो.

ती वीज म्हणजे पीओई. छताला लावायच्या ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे नुसतं वायफाय पसरवणाऱ्या डब्याला, वेगळा प्लग लागत नाही, लॅन वायरीतूनच वीज मिळते. स्विच, म्हणजे एका लाइनीतून अनेक लॅन वायरी काढणारा डबा, घेताना पाटीवर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी लिहिलेलं बघा. पहिल्यात पोर्टमागे १५.४ वॅटपर्यंत, दुसऱ्यात ३० वॅटपर्यंत. स्विचची एकूण ताकदही बघा. चार पोर्ट आहेत म्हणून चौघांनाही पूर्ण वीज मिळेलच असं नसतं. काही स्वस्त उपकरणं २४ व्होल्टच्या "पॅसिव्ह" प्रकारावर चालतात. त्यांचा इंजेक्टर, म्हणजे वायरीत वीज सोडणारा अडॅप्टर, भलत्या डब्याला जोडू नका, जळतो.

एका वायरीची मर्यादा १०० मीटर. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची वायर मी टाकत नाही, अंतर वीस मीटर असलं तरी. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, वीज कडाडली की त्या वायरीतून दोन्हीकडचे स्विच एकदम जातात. तिथे फायबर टाका. फायबर दोन्ही टोकांना लॅन वायरीला जोडणारी मीडिया कन्व्हर्टरची जोडी आता महाग राहिलेली नाही.

सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाकाठच्या दुकानदारांना आणखी एक गोष्ट सांगायची गरज खरं तर नाही, तरी सांगतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर आठवा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की माल वर हलवायला सगळे धावतात, पण ओएनटी आणि स्विच गल्ल्याखालीच राहतात. पहिल्या दिवशीच ते माणसाच्या डोक्यापेक्षा उंच भिंतीवर बसवा.

आता डबा

खोक्यावरचे मोठे आकडे बेरजेचे असतात. एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, दोन्हींची गोळाबेरीज. एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. कुठल्याही एका मोबाइलला एवढं कधी मिळत नाही. ह्याहून महत्त्वाचा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो: पोर्ट १०/१०० आहे की गिगाबिट. अजूनही एसी१२०० लिहिलेले आणि आत १०० एमबीपीएसचे पोर्ट असलेले राउटर सर्रास विकले जातात. तीनशेचा प्लॅन घेऊन मागे असा राउटर लावला की नव्वद-पंचाण्णवच्या वर काटा जात नाही, आणि शिव्या बिचाऱ्या फायबरवाल्याला.

वायफाय ६ घ्या. २०१९ पासून त्याची प्रमाणित उपकरणं येतायत, आता भाव उतरलेत, आणि एका वेळी बरीच उपकरणं सांभाळण्यात ते वायफाय ५ पेक्षा खरंच सरस आहे. वायफाय ७ ची प्रमाणित उपकरणं २०२४ च्या सुरुवातीपासून मिळू लागली. त्याचा मोठा फायदा फार रुंद चॅनेलवर दिसतो, आणि मेन रोडसारख्या दाटीत रुंद चॅनेल तुम्हाला वापरताच येत नाही. छोट्या धंद्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत असं माझं मत.

एका खोलीचं ऑफिस असेल, कॅनडा कॉर्नरला असतात तसं चार टेबलांचं, तर एक चांगला गिगाबिट राउटर पुरे. त्यापुढे गेलात की राउटर वेगळा आणि ॲक्सेस पॉइंट वेगळे अशी रचना करा. टीपी-लिंकची ओमाडा, युबिक्विटीची युनिफाय ह्या मालिका एकाच ठिकाणाहून सगळे डबे सांभाळू देतात. मायक्रोटिक ताकदीचा आहे, पण जो बसवेल त्यालाच तो कळतो; तो माणूस उद्या पुण्याला गेला तर तुम्ही अडकाल. निवड करताना मी आधी एवढंच बघतो की गावात त्याची वॉरंटी कोण आणि किती दिवसांत देतो.

मेश म्हणून मिळणारे तीनचे संच घरासाठी ठीक. वायर न जोडता ते एकमेकांशी हवेतून बोलतात, आणि एकाच बँडवर आलेलं पुढे ढकलताना दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. भिंतीवर प्लगमध्ये खोचायच्या एक्स्टेंडरचंही तेच. धंद्याच्या जागी ते नकोच.

बसवताना

ॲक्सेस पॉइंट छताला, उघडा, जागेच्या मध्याकडे. पीओपीच्या वर लपवू नका, लोखंडी रॅकच्या मागे तर अजिबात नको. अंबड-सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला चिकटवूही नका. घरातल्या वापराचे बरेच डबे ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात पत्र्याखाली त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. तिथे बाहेर लावायच्या प्रकारातला डबा घ्या आणि तो पत्र्यापासून दोन-तीन फूट खाली पाइपवर टांगा.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ हेच चॅनेल, रुंदी २० मेगाहर्ट्झ. जुने बिल प्रिंटर आणि पुष्कळशी स्वाइप मशीन ह्याच बँडवर असतात. ५ गिगाहर्ट्झवर दाटीच्या जागी ४० ची रुंदी, मोकळीकडे ८०. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला घ्या. मधल्या चॅनेलवर रडारची चाहूल लागली की डबा नियमाप्रमाणे चॅनेल सोडतो आणि तेवढ्यात तुमचं मशीन तुटतं. आणि ताकद "हाय"वर ठेवू नका. डबा ओरडून बोलला तरी मोबाइलचा आवाज बारीकच असतो, तो उत्तर परत पोचवू शकत नाही. पूर्ण रेंज दिसते, नेट चालत नाही, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

एक चूक, माझी

पिंपळगावकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसचं काम केलं होतं. पॅकिंग हॉलमध्ये दोन डबे लावले, रेंज झकास. हंगाम सुरू झाला आणि पोऱ्या बारकोड स्कॅनर घेऊन कोल्ड स्टोरेजमध्ये गेला की स्कॅनर मुका. पफ पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, म्हणजे ती खोली अक्षरशः डबाबंद. दार उघडं असताना चाचणी घेतली होती मी! द्राक्षं शून्य ते एक अंशावर ठेवतात आणि साध्या डब्याची खालची मर्यादा शून्यच असते, शिवाय दार उघडलं की बाष्प जमतं. शेवटी आत बाहेरच्या प्रकारातला, पाणीरोधक डबा लावला, वायर ग्लँडमधून नेली आणि भोक फोमने सील केलं. स्वखर्चाने, अर्थात. तेव्हापासून मी दार लावून आत उभा राहतो.

त्याच आवारात पाचशे मीटरवरच्या शेतघरापर्यंत नेट हवं होतं. त्यासाठी समोरासमोर दोन ५ गिगाहर्ट्झचे बाहेरचे डबे. ह्या बँडचे काही भाग २०१८ पासून ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात. एकमेकांना नुसते दिसले की झालं, असं नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर एवढ्या अंतराला मध्यभागी रेषेभोवती अडीच मीटरभर जागा मोकळी लागते. म्हणून खांब द्राक्षाच्या मांडवापेक्षा आणि उद्या वाढणाऱ्या सुबाभळीपेक्षाही उंच करा.

वीज

लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, पण मधल्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा उठतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. गिऱ्हाईक तेवढा थांबत नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला आणि दुसरा ओएनटीला लावा. ओएनटीचं लोक विसरतात. अडॅप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचूनच घ्या: राउटर १२ व्होल्ट २ ॲम्पिअर मागत असेल तर १ ॲम्पिअरवाला यूपीएस त्याला पुरत नाही, तो सारखा रीस्टार्ट होत राहतो.

पासवर्ड आणि पाहुणे

गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं, धंद्याचं वेगळं. गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्यावरून आतले काँप्युटर दिसणार नाहीत ही खूण लावा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ वर जोडला जात नसेल तर त्याच्यापुरतं वेगळं नाव काढा. पासवर्डशिवाय जोडून घेणारं डब्ल्यूपीएस बटण बंद. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बसवणाऱ्यासमोरच बदला आणि वहीत लिहा, पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवू नका. लाइन तुमच्या नावावर आहे, तिच्यावरून कुणी उद्योग केला तर पहिली विचारणा तुमच्याकडे होते. म्हणून हॉटेल-कॅफेवाल्यांनी उघडं वायफाय ठेवू नये, ओटीपीने लॉगिन होणारी व्यवस्था करावी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना ह्याच कामाची आहे. तिच्यात दुकानदाराला वायफाय विकायला परवाना लागत नाही.

गंगापूर रोडकडच्या एका मिसळवाल्याची गंमत सांगतो. दर रविवारी अकराच्या सुमारास गेस्ट वायफाय बंद पडायचं, सोमवारी आपोआप बरं. दोन राउटर बदलून झाले होते. कारण निघालं पत्त्यांचं. साधा राउटर फार तर अडीचशेच्या आसपास पत्ते वाटतो आणि दिलेला पत्ता बऱ्याचदा चोवीस तास राखून ठेवतो. मिसळ खाऊन माणूस चाळीस मिनिटांत जातो, त्याचा पत्ता मात्र उद्यापर्यंत अडकलेला. मुदत एक तासावर आणली, खर्च शून्य. त्यांनी तर्रीची वाटी जास्तीची दिली.

पैसे देण्याआधी

जीएसटी नंबर टाकून बिल घ्या. नियमित नोंदणी असेल तर ह्या उपकरणांवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर लावून घ्या आणि नकाशाचा तो चौकोनी कागद स्विचच्या झाकणाला आतून चिकटवा. सेटिंगची बॅकअप फाइल स्वतःच्या मेलवर मागून घ्या.

मग बसवणारा अजून शिडीवर असतानाच भिंतीजवळ जा आणि ओएनटीमधली फायबरची पिवळी वायर स्वतःच्या हाताने काढा. तिच्या टोकाकडे डोळा नेऊ नका. मिनिटभर थांबा. नंतर मेन स्विच पाडा. आता अंधारात, दुसऱ्या लाइनवर आणि यूपीएसवर, स्वाइप मशीनमध्ये स्वतःचं कार्ड घालून एक रुपया कापून बघा. पावती निघाली तर त्याचे पैसे द्या.